गोदा-कादवा संगमावरील एक दिवस

पर्जन्यकाळी वर्तमानपत्र उघडावे, तो नाशिककडील धरणांच्या वृत्तांत एक नाव हटकून आढळते : नांदूरमध्यमेश्वर. तेथून अमुक इतके क्युसेक पाणी गोदावरीत सोडले, ते पुढे पैठणच्या नाथसागरास जाऊन मिळणार, एवढ्यावर ते वृत्त संपते. आणि कोपरगावपासून पैठणपर्यंतचे लोक त्या आकड्यावरून आपापल्या भाग्याचा अदमास बांधतात. पावसाळा सरतो, आकडे छापणे बंद होते, आणि वृत्तपत्रांच्या लेखी ते गाव पुढील आषाढापर्यंत नाहीसे होते. वस्तुतः त्याच सुमारास तेथे खरी वर्दळ सुरू होते. मार्गशीर्ष-पौषात हिमालयापलीकडून आलेले सहस्रावधी पक्षी त्या बंधाऱ्यामागील पाण्यावर मुक्काम ठोकून असतात. आमच्या थोरल्या बंधूंचे नातू चिरंजीव अभियांत्रिकीचे विद्यार्थी असून त्यांस छायाचित्रे घेण्याचा नाद आहे. त्यांच्या आग्रहावरून यंदाच्या पौषात आम्ही व आमचे कुटुंब असे दोघे वृद्ध त्यांच्यासमवेत तेथे एक दिवस घालवून आलो. तो वृत्तांत वाचकांस सादर करीत आहो.

प्रथम स्थळाविषयी थोडेसे. नांदूरमध्यमेश्वर हे नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाशी वसलेले गाव. मध्यमेश्वराचे प्राचीन शिवालय येथे असून त्यावरूनच गावाच्या नावाचे उत्तरपद आले आहे. मृगव्याधेश्वर म्हणून दुसरे एक देवस्थान आहे. श्रीरामांनी कांचनमृगरूपी मारीचावर बाण सोडला तो याच परिसरात, असे तेथील लोक सांगतात. पंचवटी येथून दूर नाही, तेव्हा ही आख्यायिका येथे रुजावी यात नवल ते काय? सह्याद्रीने मेघांचे पाणी अडवून घेतल्यावर जो कोरडा मुलूख उरतो, त्यात हा प्रदेश मोडतो. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने संगमाशी दगडी बंधारा घालून पाणी अडविले आणि उजवा व डावा असे दोन कालवे काढले. कोपरगाव-राहाता भागातील उसाचे मळे त्या पाण्यावर उभे राहिले. पक्ष्यांचा विचार बंधारा बांधणारांच्या स्वप्नीही नव्हता. परंतु नदी जे पाणी आणते, त्यासवे गाळही आणते. तो गाळ बंधाऱ्याच्या पोटाशी वर्षानुवर्षे साचत गेला, पाणी उथळ झाले, मध्ये बेटे उठली, त्यांवर पाणगवत व पाणकणीस माजले. आणि जो तलाव पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने बिघडत चालला, तोच पक्ष्यांच्या दृष्टीने उत्तरोत्तर सुधारत गेला! हे कोडे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे प्रयोजन पडणार आहे.

१९८६ साली शासनाने हे पक्षी-अभयारण्य म्हणून घोषित केले. विख्यात पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी यास महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सांगतात. पुढे २०२० साली हे महाराष्ट्रातील पहिले 'रामसर' स्थळ म्हणून जाहीर झाले. त्याच वर्षी लोणारच्या सरोवरासही तो मान मिळाला. या रामसर शब्दावरून आमच्या मोटारीत चांगलाच वाद रंगला. रामाची आख्यायिका नुकतीच कानी पडल्यामुळे आमच्या कुटुंबाने 'रामाचे सर ते रामसर' असा विग्रह करून टाकला, व तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्याने आम्हांसही खोडून काढवेना. परंतु हे रामसर इराणात, कास्पियन समुद्राच्या तीरावरील गाव आहे. २ फेब्रुवारी १९७१ रोजी तेथे अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन पाणथळ भूमींच्या रक्षणाचा करार केला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. इराणातील गावाचे नाव रामाच्या पदस्पर्शाने पुनीत झालेल्या म्हणून मानलेल्या स्थळास मिळावे, हा योगायोग मात्र गमतीचा खरा.

नाशिकहून आम्ही पहाटे पाच वाजता निघालो. निफाडची थंडी प्रसिद्धच आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील पारा किती उतरला, हे हिवाळ्यात अवघा महाराष्ट्र वाचतो. चांदोरीवरून सायखेडा करीत चापडगावास पोहोचलो, तो पूर्वेस नुकते तांबडे फुटत होते. दोहों बाजूंस द्राक्षांचे मळे, त्यांत कागदात गुंडाळलेले घड, मध्ये कांद्याची हिरवी शेते, आणि या सर्वांवर जमिनीलगत तरंगणारे धुके. गावातील एक तरुण मार्गदर्शक तेथे भेटला. अशा तरुणांस वनखात्याने पक्ष्यांची ओळख शिकविली आहे, आणि हिवाळ्यातील चार महिने त्यांस यापासून थोडीबहुत प्राप्ती होते. आमच्या कुटुंबाची तांबडी शाल पाहताच तो अदबीने म्हणाला, "आजी, ही शाल तेवढी गाडीतच ठेवा. पाखरं लांबूनच बिचकतात." तेव्हा आम्ही आमची मातकट घोंगडी तिला देऊन स्वतः कुडकुडत पुढे निघालो.

काठावरच्या पायवाटेने शंभर-दीडशे पावले गेलो असू, तोच धुक्याआडून जो कलकलाट ऐकू येऊ लागला, त्यास उपमा द्यावी तर मधल्या सुट्टीतील शाळेचीच द्यावी लागेल. प्रत्येकाचा स्वर निराळा, प्रत्येकास घाई, आणि ऐकणारा कोणीच नाही. मग सूर्य वर आला, धुके हळूहळू उचलले गेले, आणि एकेक वर्ग दिसू लागला.

अगदी जवळ, काळ्याभोर देहाचे आणि कपाळापासून चोचीपर्यंत पांढरा टिळा असलेले शेकडो पक्षी पाण्यावर दाटीवाटीने तरंगत होते. त्यांचे मराठी नाव विचारले, तो मार्गदर्शक म्हणाला, "वारकरी." कोणा रसिक पूर्वजाने हे नाव ठेविले असेल त्यास आमचा दंडवत! काळा वेष, कपाळी टिळा, थव्याने राहणे, आणि सदोदित गलबला : नावाचे एकही अंग लटके नाही. त्यांच्यामागे पाणगवतात जांभळ्या पाणकोंबड्या लाल चोची मिरवीत चालल्या होत्या. शेकाट्या नावाचा पक्षी आपल्या काडीसारख्या गुलाबी पायांवर एखाद्या नवशिक्या उमेदवाराप्रमाणे तोल सांभाळीत उभा होता. चमच्या आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत अन्न चाळीत होता. चाळणीने पीठ चाळणारी गृहिणी पाहिली की त्याची आठवण यावी. तलवार बदके तर डोके बुडवून व शेपटी उभी करून पाण्यात उलटी झाली होती. चिरंजीवांनी विचारले, "ही बुडी का मारत नाहीत?" तेव्हा मार्गदर्शकाने सांगितले ते महत्त्वाचे आहे. बदकांत दोन पंथ आहेत : एक पाण्यात खोल बुडी मारणारांचा, दुसरा केवळ मान बुडवून तळचे खाणारांचा. या दुसऱ्या पंथास पाणी हात-दीड हातच हवे. त्याहून खोल झाले, तर तळाशी कितीही अन्न असो, मान पोहोचत नाही, आणि ती बदके तेथे राहत नाहीत.

पाणवनस्पतींच्या पानांवरून लांबलचक बोटांनी चालणारा कमळपक्षीही दिसला. हिवाळ्यात त्याची लांब शेपटी गळालेली असते, त्यामुळे तो काहीसा बिचारा दिसतो. या जातीत मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते, आणि अंडी उबविणे, पिले सांभाळणे हा सारा संसार नर करितो, असे मार्गदर्शकाने सांगताच आमच्या कुटुंबाने दुर्बीण खाली घेऊन आमच्याकडे एकवार पाहिले. "आपल्या घरात चार पिढ्यांत असला एकही निपजला नाही," एवढेच ती म्हणाली. आम्ही विषय बदलला.

परंतु ज्या पक्ष्यासाठी आम्ही मनातून आलो होतो, तो सर्वांहून अलग, पलीकडच्या गाळाच्या बेटावर बसला होता. नारिंगी-भगव्या वर्णाची, फिकट डोक्याची एक जोडी. "चक्रवाक," मार्गदर्शक म्हणाला, "ब्राह्मणी बदक पण म्हणतात." आम्ही शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकविले. चक्रवाक-मिथुन दिवसा एकत्र असते व रात्री शापामुळे नदीच्या दोन तीरांवर विलग होऊन परस्परांस हाका मारीत राहते, हा कविसंकेत आम्ही किती वर्गांस समजावून दिला, याची गणती नाही. परीक्षेत त्यावर टीप विचारली जाई, मुले ती पाठ करीत. त्या दोन भगव्या ठिपक्यांवर दुर्बीण स्थिर झाली, तेव्हा नर मान वळवून पंख चोचीने साफ करीत होता आणि मादी त्याच्या शेजारी एका पायावर उभी होती. काही काळ आम्हांस बोलवेना. कुटुंबाने दोनदा दुर्बीण मागितली, तीही आम्ही ऐकली नाही, असा तिचा आरोप आहे.

ही जोडी येते कोठून? चक्रवाकाची वीण लडाख, तिबेट व मध्य आशियाच्या पठारांवर होते. शास्त्रज्ञांनी त्यांच्या पाठीवर लहानशी यंत्रे बांधून उपग्रहाद्वारे माग काढला, तेव्हा हिमालय ओलांडताना हा पक्षी सुमारे ६८०० मीटर उंचीपर्यंत गेल्याची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. पक्ष्यांच्या प्रवासाचा असा माग काढण्याच्या शास्त्राचा आरंभ कोणी केला, हे सांगताना आम्हांस किंचित अभिमान वाटतो, कारण तो गृहस्थ आमच्याच पेशातला. डेन्मार्कमधील व्हीबॉर्ग गावी हान्स ख्रिस्तियान मोर्टेन्सेन नावाचे शाळामास्तर होते. त्यांनी १८९९ साली स्टार्लिंग नावाच्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक घातलेली अल्युमिनियमची हलकी कडी अडकविली व त्यांस सोडून दिले. कडे घातलेला पक्षी दुसऱ्या कोणास सापडला की पत्र येई. शाळामास्तराच्या मिळकतीत बसणारे हे साधन! त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत जगभर याच युक्तीने पक्ष्यांच्या वाटा कळत गेल्या.

आता छायाचित्रांकडे वळू. चिरंजीवांचे यंत्र व त्यावरील लांब नळीचे भिंग मिळून चांगल्या भरल्या कळशीएवढे वजन होते. ते तिवईवर बसवून सूर्य पाठीशी घ्यावयाचा, पक्ष्याच्या डोळ्यावर नेम धरावयाचा, आणि उडत्या पक्ष्यासाठी एका सेकंदाचा दोन-हजारावा भाग एवढाच काळ पडदा उघडावयाचा, अशी त्यांची विद्या आहे. पूर्वीच्या काळी लाउदर नावाचे इंग्रज गृहस्थ काचेच्या तबकड्या भरलेली पेटी घेऊन घरट्यांजवळ लपण उभारून तासन् तास बसत. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९४९ साली निघाला. आता एका सकाळी हजार चित्रे घेता येतात. साधने सुलभ झाली, तरी थांबण्याची कला मात्र तितकीच दुर्मिळ राहिली आहे, हे आम्हांस त्याच दिवशी दिसून आले.

नऊच्या सुमारास दुसरी एक मंडळी आली. त्यांची भिंगे चिरंजीवांच्या भिंगाहूनही मोठी. समोर पाचसहाशे बदके उन्हात पाठीत चोच खुपसून विसावली होती. मंडळींस उडता थवा हवा होता. थोडा वेळ टाळ्या झाल्या, शीळ झाली; बदके हलेनात. तेव्हा एका सुशिक्षित दिसणाऱ्या गृहस्थाने वाकून मातीचे ढेकूळ उचलले व नेम धरून पाण्यात भिरकाविले. क्षणार्धात सारे पाणी जणू उभे राहिले. पंखांचा असा घोष झाला की अंगावर काटा यावा. सूर्याचे किरण पंखांच्या आतल्या बाजूवर पडून तो थवा रुपेरी दिसला, वळला, पुन्हा वळला. यंत्रांचा कडकडाट चालू होता, आणि त्यात आमच्या चिरंजीवांच्या यंत्राचाही आवाज होता, हे येथे नमूद करणे भाग आहे.

आमचा मार्गदर्शक धावतच त्या मंडळींकडे गेला. त्याने हात जोडले होते, पण स्वर कठोर होता. "साहेब, या पाखरांना महिन्या-दोन महिन्यांनी परत जायचंय. जाताना अंगात चरबी असली तरच ती डोंगर ओलांडतात. दिवसातून दहा वेळा उठवली तर खाल्लेलं इथंच संपतं. तुम्ही फोटो घेऊन जाल, ती वाटेत मरतील." गृहस्थ म्हणाले, "अरे, एका ढेकळाने काय होतं?" तो म्हणाला, "एकाने काही होत नाही साहेब. पण सुट्टीच्या दिवशी तुमच्यासारखे शंभर येतात." मंडळी कुरकुरत पुढे गेली. बदके मात्र परत त्या जागी आली नाहीत. दूर, जेथून ती आम्हांस ठिपक्यांएवढी दिसावी, अशा ठिकाणी उतरली. चिरंजीव बराच वेळ गप्प होते.

दुपारी ऊन चढल्यावर पाण्यावरील हवा थरथरू लागते व चित्रे स्पष्ट येत नाहीत. म्हणून गावातील एका चहाच्या टपरीसमोरील बाकावर बसून आम्ही दशम्या व तिळाची चटणी खाल्ली. तेथे आमच्याच वयाचे एक शेतकरी बसले होते. पक्षी पाहावयास आलो म्हटल्यावर ते हसले. "पाव्हणं, तुमाला पाखरं दिसत्यात, आमाला गाळ दिसतो." त्यांचे म्हणणे असे, की गाळाने नदीचे पात्र भरले, त्यात पाणवेली माजल्या, म्हणून पूर आला की पाणी पुढे न सरकता सायखेडा-चांदोरीपर्यंत मागे तुंबते, आणि काठची शेते धुऊन नेते. शिवाय अभयारण्य म्हणून बंधने आली. जांभळ्या पाणकोंबड्या कोवळे पीक खातात ते वेगळेच. "गाळ काढा म्हंतो आमी, तर पाखरं जातील म्हंत्यात. मग आमी कुटं जायाचं?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि जे कोणी मुंबई-पुण्यास बसून तत्काळ उत्तर देतात त्यांच्याविषयी आम्हांस संशय आहे. गाळ सरसकट उपसला, तर मान बुडवून खाणारी बदके त्याच हिवाळ्यात नाहीशी होतील, हे सकाळीच आम्ही शिकलो होतो. न उपसावा, तर ज्याचे शेत दर दोन-चार वर्षांनी वाहून जाते, त्यास पक्षिप्रेम कोणत्या तोंडाने शिकवावे? आमच्या अल्प मतीस एवढे वाटते की गाळ व पाणवेली ही दोन दुःखे एक समजू नयेत. गाळ हा नदीचा धर्म आहे. पाणवेल ही दक्षिण अमेरिकेतून आलेली परकी वनस्पती. रामसर कराराच्या दप्तरातही या स्थळास असलेल्या संकटांत तिचे नाव आहे. ती माजते ते शहरांच्या सांडपाण्यावर पोसून. ते सांडपाणी वरच्या अंगाच्या वस्तीचे, म्हणजे आपणा नाशिककरांचे. रामकुंडावर स्नान करून, निर्माल्याची पिशवी प्रवाहात सोडून आपण ज्या गंगेस हात जोडतो, तीच चाळीस-पन्नास किलोमीटरांवर त्या शेतकऱ्याच्या बांधाशी जाते. पाणवेलीने पाणी झाकले की पक्ष्यांचाही निवारा जातो. तेव्हा ती काढण्यात तरी शेतकरी व पक्षी यांचे हित एकच आहे. आम्ही हे त्यांस सांगितले. ते म्हणाले, "मग सांगा की तिकडं वर." म्हणून येथे लिहिले आहे.

सायंकाळी पुन्हा काठावर गेलो. शराट्यांचे थवे रेषा आखल्याप्रमाणे एकामागून एक बेटाकडे परतत होते. दलदलीवरचा भोवत्या पंख पसरून गवतावरून संथ घिरट्या घाली, आणि तो जेथून जाई तेथील वारकरी एकमेकांस बिलगत. सूर्य कलला तसा वारा पडला व थंडी पुन्हा वाढू लागली. "आता निघू या बाबा," मार्गदर्शक म्हणाला, "उसात बिबट्या हाय." या भागातील ऊस बिबट्यांस मानवला आहे, हे आम्ही वाचले होते, उसाच्या फडालगतच्या वाटेने परतताना ते अधिक चांगले समजले. आमच्या कुटुंबाची चाल त्या शंभर पावलांत जितकी जलद झाली, तितकी गेल्या दहा वर्षांत आम्ही पाहिली नव्हती.

मोटारीपाशी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. चिरंजीव यंत्राची आवराआवर करीत असता पाण्याकडून एक स्वर आला : खोल, नाकातून काढल्यासारखा, काहीसा करुण. क्षणभराने दुसऱ्या बाजूने, बऱ्याच अंतरावरून, तसाच उत्तर देणारा. मार्गदर्शक म्हणाला, "चक्रवाक. रात्री चरायला पांगतात, मग असे हाका मारून एकमेकांचा ठाव ठेवतात." शापाची कथा ज्याने प्रथम रचली, तो अशाच एखाद्या काठावर अशाच थंडीत उभा असला पाहिजे. आम्ही काचा खाली करून पाच-सात मिनिटे ऐकत राहिलो. आमच्या कुटुंबानेही थंडीची तक्रार केली नाही.

जाऊ इच्छिणारांस थोड्या सूचना. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. पहाटेच काठावर पोहोचावे. दुपारी काही साधत नाही. वस्त्रे मळकट रंगाची असावी, मुलांस शिट्ट्या व पिपाण्या देऊ नयेत, दुर्बीण घरातून न्यावी, फराळ बरोबर असावा व त्याचे कागद परत आणावे. मार्गदर्शक अवश्य घ्यावा. त्याच्या चार शब्दांवाचून तो सारा कलकलाट नुसता कलकलाटच राहील. आमच्या मार्गदर्शकाच्या वहीत त्या दिवशी त्रेपन्न जातींची नोंद झाली. त्यांतील एकोणीस आम्ही स्वतः ओळखल्या, आमच्या कुटुंबाने बावीस.

चिरंजीवांनी घेतलेल्या सहाशे-सातशे चित्रांत निर्विवाद श्रेष्ठ ठरले ते ढेकूळ पडल्यावर उठलेल्या थव्याचे. प्रत्येक पंख स्पष्ट, पाण्याचे थेंब मोत्यांसारखे हवेत थांबलेले. घरातील लहानथोर सर्वांनी ते दिवाणखान्यात लावावे असा हट्ट धरला आहे. चिरंजीव म्हणतात, लावू नये. आमच्या कुटुंबाचे मत त्याच्या बाजूने, थोरल्या बंधूंचे विरुद्ध. आणि चौकट करून आणलेले ते चित्र हा लेख लिहीत असता भिंतीकडे तोंड करून कपाटाशी उभे आहे.